तेल आणि आईल

हँडल भिकनच्या हातात निघून आले. काच मात्र तसूभरही खाली सरकली नाही.

"नही व्हत, मास्तर," तो म्हणाला. "आते दार खोलनंच पडी."

"पुस्तकही तेच म्हणतंय," मी म्हणालो, आणि लगेच ते पान पुन्हा वाचून पाहिले. वाचलेल्यावर माझा एकदम विश्वास बसत नाही. आपल्याला ते समजले असेल यावर तर नाहीच.

रतिलालशेठच्या बंगल्यासमोर, त्यांच्या जुन्या विलायती मोटारीपाशी आम्ही उकिडवे बसलो होतो. भिकन साक्रीकडचा, शेठचा ड्रायव्हर. मी धुळ्याच्या एका लहान वाचनालयाचा ग्रंथपाल. कोणा ओव्हरसियरने दिलेले मोटारींवरचे एक इंग्रजी पुस्तक आमच्याकडे होते आणि ते वाचून सांगण्यापुरताच माझा मोटारीशी संबंध.

सकाळी शेठ भिकनला बजावून जिनिंगवर गेले होते. "उद्या माझ्या आईला, बाला, नाशिकला न्यायचंय. ती याच खिडकीशी बसते, काच बंद असली की तिला उलट्या होतात. बिघडवलीस तू, सुधारायचीस पण तूच. संध्याकाळपर्यंत काच उघडली नाही तर चावी ठेव आणि गाव गाठ."

भिकनने स्क्रू काढून दाराचा रेक्झिनचा पुठ्ठा अलगद उचकटला. मोटारीचे दार म्हणजे नुसता पत्रा, अशी माझी समजूत होती. आत पाहतो तर एक अरुंद खोलीच! काच पेलणारा लोखंडी हात, त्याला फिरवणारे अर्धे दातेरी चाक, लिंबाचे एक वाळके पान. पावसाचे पाणी आत उतरते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते, हेही तेव्हाच कळले. मी वाकून भोके मोजू लागलो.

"मास्तर, डोकं बाजूले करा. मन्ही नोकरी तठे आत शे, माले दिसू तर द्या!"

मी ओशाळून मागे सरकलो. काच ज्या खाचांतून सरकते त्यांत बनातीची पट्टी असते. भिकनने तिथे पेचकस घातला तेव्हा करड्या रंगाची एक चिवट वात बाहेर आली. कापसाची तूस होती ती. जिनिंगच्या दिवसांत आमच्याकडे ती कशावरही बसते, पण अशी घट्ट बसत नाही. भिकनने ती नाकाशी नेली.

"भुईमूगनं तेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसू दाबू लागला. "तुम्हीच सांगं व्हतं ना? काच कुरकुर करस तं तेल दे म्हनीसन?"

मला आठवले. फाल्गुनात तो विचारायला आला होता. पुस्तकातल्या वाक्याचे मी मोठ्या ऐटीत भाषांतर केले होते: हलणाऱ्या भागांना तेल द्यावे.

"अहो मास्तर, घरमा तेल म्हंजे खावानं तेल. मशीननं ते आईल! मी शेठानीकडथीन वाटीभर मांगी लयनू आनि बठ्ठं ओती दिन्हं."

"मी शेठना सांगतो," मी म्हणालो.

"काही सांगू नका. माले बठ्ठा लोके अडानीच समजतस. तुम्हनं नाव कसाले खराब?"

त्याने घासलेटने खाचा धुतल्या, चिंधीने कोरड्या केल्या, त्यांत साबणाची सुकी वडी फिरवली. आईलचे दोनच थेंब दातेरी चाकाला दिले. हे पुस्तकात नव्हते. हँडल पुन्हा बसवून फिरवले तशी काच मुकाट्याने खाली गेली.

शेठ आले. त्यांनी काच चारदा वरखाली केली. "झालं होतं काय?"

"खावानं तेल टाकायनं व्हतं, शेठ. मन्ही चूक."

"त्याची नाही, माझी," मी म्हणालो. "मी तेल घाल म्हणालो होतो. आईल म्हणायला हवं होतं."

शेठ मोठ्याने हसले. "मास्तर, मन मोठं तुमचं! पण एवढी पुस्तकं वाचलेला माणूस मोटारीत शेंगतेल ओतायला सांगेल होय? अडाण्याला असं पाठीशी घालू नका." मग भिकनकडे वळून म्हणाले, "पहाटे गाडी काढ. आणि मास्तरांच्या पाया पड, त्यांच्यामुळे राहिलास."

भिकन खरोखरच वाकला. मी मागे सरकलो तो दारावरच आपटलो.

"चूप ऱ्हा, मास्तर," तो खालूनच पुटपुटला. "नोकरी ऱ्हायनी ना?"

पुस्तकात कोणी रेघ मारली तरी मी सभासदाला चारचौघांत बोलत असे. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडण्याआधी मी ते पान काढले आणि समासात शाईने लिहिले: 'तेल नव्हे, आईल, तेही चाकालाच, दोन थेंब. खाचेत फक्त कोरडा साबण. हे सांगणारा भिकन'. पुढे रीतीप्रमाणे वडिलांचे नाव लिहायचे म्हणून टाक दौतीत बुडवला, आणि तो तसाच हातात राहिला. ते मी त्याला कधी विचारलेच नव्हते.