आवाज काढायचा नाही

माझी वहिनी ओतिलिया हट्टी आहे. गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून माझ्या भावाला पोलिसांनी अडवलं आणि पंधरवड्यात सीमेपलीकडे मेक्सिकोत नेऊन टाकलं. तेव्हा मी म्हटलं, चल बाई, आपणही वाहाकाला परत जाऊ, निदान आपल्या गावात मरू. तर ही म्हणते, "वन्सं, तुम्ही जा. मी पाळणाघर काढतेय."

या देशात राहायचे कागद हिच्याकडे नाहीत, माझ्याकडे नाहीत, आणि म्हणे पाळणाघर!

पण तिचं खोटं नव्हतं. इथे कॅलिफोर्नियात, सांता मारियात, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर जाणाऱ्या गाड्या पहाटे अंधारात सुटतात. त्या वेळी मूल ठेवून घेणारं इथे कुणी नाही. बाया पोरांना शेताच्या कडेला गाडीत झोपवायच्या, नाहीतर थोरल्या मुलीची शाळा बुडवायच्या. ओतिलियानं भाड्याच्या घराची पुढची खोली रिकामी केली, चटया अंथरल्या आणि सगळ्यांना सांगितलं, जमेल ते द्या. मी घेवडा शिजवायला आणि कुरकुर करायला. वर्षाच्या आत अकरा पोरं झाली, आणि तीन मुली पुन्हा शाळेत जायला लागल्या.

इथला कायदाही गमतीचा. आमच्यासारख्यांना कुणी नोकरी द्यायची नाही, पण आम्हीच धंदा काढला तर त्याला ना नाही. परवाना मात्र हवा. त्यासाठी कुंपण हवं, धुराची घंटा हवी, दुसरं न्हाणीघर हवं. घरमालक दंडाला घाबरला होता. महिनाअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर घर खाली करा, असं त्यानं बजावलं होतं. आमच्याकडे दमडी नव्हती.

तेवढ्यात ओतिलियाला एका संस्थेचा पत्ता लागला. बिनकागदाच्या माणसांनी आपल्या लोकांसाठी काही उद्योग काढला तर ही संस्था पाच हजार डॉलरचं अनुदान द्यायची. मी हसले. "फुकट कुणी थुंकतसुद्धा नाही गं. आधी रडायला लावतील, मग फोटो काढतील." पण ही एकेक पायरी चढत गेली. शेवटी उरली फक्त एक भेट. बाई येणार, घर बघणार, मुलं बघणार, की पैसे. त्या रात्री ओतिलिया भिंतीवर बोटानं न्हाणीघराची जागा आखत होती, आणि मीही, खोटं कशाला बोलू, नळ कुठे बसवायचा ते सांगत होते.

त्याच वसंतात बिनकागदाच्यांची धरपकड वाढली. पलीकडच्या गल्लीत गॅसची गळती बघायला आलो म्हणून साध्या कपड्यातल्या पोलिसांनी दार ठोठावलं, आणि बाप-लेक दोघांना घेऊन गेले. आमच्या पोरांच्या आया घाबरल्या. त्यांनी ओतिलियाला ग्वादालुपेच्या मेरीमातेसमोर शपथ घ्यायला लावली. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, पोरांचा चेहरा कुठल्याही फोनमध्ये दिसता कामा नये. मग ओतिलियानं पोरांना शिकवलं. दार वाजलं की मागच्या खोलीत, भिंतीला पाठ, तोंडावर हात.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चोनकाकांनी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "राखाडी गाडी, काळ्या काचा, दोन माणसं, घरं विचारतायत." बघता बघता गल्लीतले पडदे ओढले गेले. अकरा पोरं मागच्या खोलीत गेली. आणि दार आमचंच वाजलं.

"ओतिलियाबाई, मी ग्रासिएला. अनुदानाच्या संस्थेकडून आलेय."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. भेट गुरुवारी ठरली होती.

"उघड," मी कुजबुजले. "अगं, पैसे चालत दारात आलेत."

"आणि त्या संस्थेच्या नसल्या तर?"

"नसल्या तर नसल्या! नाहीतरी महिनाअखेर रस्त्यावरच येणार आहोत."

"आपण दोघी येऊ, वन्सं. ही पोरं आपली आहेत का?"

दार वाजत राहिलं. बाईनं नावानं हाका मारल्या, घंटा दाबली, खिडकीवर टकटक केली. ओतिलिया दाराला पाठ लावून बसली होती, कडीवर हात ठेवून. कडी काही तिनं हलू दिली नाही. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

राखाडी गाडी निघून गेली. थोड्या वेळानं अनोळखी नंबरावरून फोन आला. आमच्या गल्लीत असले फोन कुणी घेत नाही. ओतिलियानं घेतला.

"बाई, मी ग्रासिएला. तारीख बदलली हे सांगायला काल चारदा फोन केला."

"ताई, आम्ही घरातच होतो हो! परत या ना, पाया पडते."

"आम्ही हायवेला लागलोय. पुढची भेट तीन तासांवर, आणि दुपारी शेवटची बैठक. मग एकदम पुढच्या वर्षी." तिचा आवाज मऊ झाला. "माझी आईही अशीच दार उघडायची नाही. पण बैठकीत मुलं पाहिलीस का असं विचारतील, तर काय सांगू? आतून चकार शब्द आला नाही. मला वाटलं, घर रिकामंच आहे. व्हिडिओवर तरी दाखवा."

"चेहरे नाही दाखवता येणार. आयांना शब्द दिलाय."

"बरं, मग आवाज ऐकवा. पोरं किलबिलली तरी मी छातीठोकपणे सांगेन की मुलं आहेत."

ओतिलिया धावतच मागच्या खोलीत गेली. फोन पुढे धरला. "बोला रे सोन्यांनो. गाणं म्हणा. काहीही बोला!"

अकरा हात अकरा तोंडांवर.

"अगं बोला ना! गेले ते!"

कुणी हललं नाही. ओतिलिया माझ्याकडे वळली. "वन्सं," ती म्हणाली, "मीच सांगून ठेवलंय त्यांना. आई दारात येईपर्यंत बोलायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. मला धरून कुणी तसं म्हणायला लावलं तर..."

मी सरळ सित्लालीला धरलं. चार वर्षांची, एरवी घास तोंडात असतानासुद्धा बडबडणारी. गोंजारलं, साखर दाखवली. मग दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, छाती वरखाली व्हायला लागली. तोंडावरचा हात तिनं काढला नाही.

"हॅलो?" फोनमधून आवाज येत होता. "ओतिलियाबाई? कुणी आहे का?"

दुपारी, बैठकीची वेळ टळून गेल्यावर, सित्लालीची आई एर्मेलिंदा मळ्यावरून आली, मातीनं माखलेल्या बुटांनिशी दारात उभी राहिली. तिला बघताच सित्लालीनं असं भोकाड पसरलं की सगळी गल्ली खिडकीत आली.