हिरवी ढाल

“सर, हे दुसरं कवा टाकलं तुमी?” मंजुश्रीनं संगणकावरच्या हिरव्या ढालीवर बोट ठेवलं.

“झाले की पंधरा दिवस. का गं?”

गुरुबसप्पा सर लातूरच्या एका क्लाससाठी घरूनच भौतिकशास्त्राचे पेपर काढत आणि रोज पाच वाजता पडद्यावर पोरांच्या शंका सोडवत. क्लासच्या सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणारं व्हीपीएन क्लासचे संगणक सांभाळणाऱ्या मंजुश्रीनंच बसवून दिलं होतं. करड्या रंगाचं, कळाहीन. मिनिटभर घुटमळायचं, मध्येच तुटायचं. पोरं ताटकळायची. म्हणून सरांनी नेटवरून फुकटातलं दुसरं उतरवलं. ढाल, ढालीवर कुलूप, खाली पाच चांदण्या! क्लासच्या व्हीपीएनची फाइल आणि पासवर्ड त्याच्या हवाली केला की क्षणात जोडणी.

“रविवारचा पेपर शनिवारीच पोरांच्या मोबाइलवर फिरला, सर. पासवर्ड ह्यातनंच गेला. अन्‌ क्लासचे मालक अमृतराव म्हणतेत, मीच फोडला. उद्यापासून येऊ नको म्हणले.”

सरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला.

“भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तुमीच शिकवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “भिंत जाड दिसती म्हून पक्की नसती. आत काय भरलंय ते बघा.”

तेव्हा ती सहा वर्षांची होती. पहिल्या रांगेत, हाताला प्लास्टर.

सरांनी फोन लावला. सगळं सांगितलं.

“सर, ऐका माझं,” पलीकडून अमृतराव म्हणाले. “क्लासच्या पाटीवर तुमचं नाव हाय. लोक तुमच्या नावावर पोरं धाडतेत. ती पोरगी काय, दुसरीकडं लागंल. तुमी बोलू नका.”

“तिच्या कपाळी चोरीचा डाग लागंल, अमृतराव. चूक माझी हाय. पालकांना तसंच कळवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुश्रीचा फोन आला. आवाज दबलेला.

“मला परत घेतलं, सर. पण... तुमचं खातं बंद करायला मलाच सांगितलंय.”

“मग कर की. नीट कर. जुना पासवर्ड कुठं राहू देऊ नको.”

ढाल त्यांनी कालच काढून टाकली होती. पाच वाजता सवयीनं हात करड्या खिडकीकडे गेला. एरवी मिनिटभर घुटमळणारी ती आज लगेच बोलली : परवानगी नाही.

क्लासमधल्या शिवांशची कप्पीची शंका परवापासून राहिली होती. सरांनी एक पाठकोरा कागद ओढला, पट्टी घेतली आणि दोरीची रेघ आखायला सुरुवात केली.