गिधाडानं ओळखू नये म्हणून

"मॅडम, मी न्हाई जात आत. माझ्या हातनं एक चूक झालीया," ख्वाजा म्हणाला आणि टोपी काढून पिंजऱ्याच्या दाराशीच थांबला.

कोल्हापूरच्या त्या प्राणिसंग्रहालयात अंड्यातून वाढवलेली पाच गिधाडं उद्या डोंगरात सोडायची होती. त्याआधी डॉक्टर क्रांती एकेकाची परीक्षा घेत होती. माणूस समोर आल्यावर लांब पळालं तर सुटलं. खायला मागत जवळ आलं तर जन्मभर पिंजरा. माणसाचा लळा लागलेलं गिधाड रानात जगत नाही. चार पास झाली होती. राहिलं होतं ते ख्वाजानं भरवलेलं.

"कसली चूक, चाचा?"

"ल्हान हुतं तवा तीन दिस खाल्लं न्हवतं. मी बोललो त्येच्याशी."

नियम कडक होता. पिल्लाला तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही. गिधाडाच्या डोक्यासारखा मोजा हातात चढवून पडद्याआडून भरवायचं. तो मोजा ख्वाजानंच शिवला होता. बापजाद्यांनी कळंब्यात गाद्या शिवून पोट भरलेलं, त्यामुळं हात शिवणीला बसलेला. गुरांना टोचायच्या औषधानं, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं पार संपत आली, आणि हा एकेक वाढवत बसला. गल्लीतले लोक त्याला 'गिधाडाचा बाप' म्हणून चिडवायचे. त्याला राग यायचा नाही, उलट आवडायचं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

"काय बोलला?"

"खा की रं माझ्या राजा. येवढंच. मग खाल्लं त्येनं."

क्रांतीनं पिंजऱ्याची कडी काढली. "मग तुम्हीच जायचं, आणि तेच बोलायचं. तुम्हाला भुललं न्हाई, तर कुणालाच भुलणार न्हाई."

जुम्म्याची नमाज होती म्हणून ख्वाजानं पांढरा सदरा घातला होता. तो आत गेला. एक मन म्हणत होतं, एकदा तरी माझ्याकडं ये. दुसरं अल्लाकडं पदर पसरत होतं, येऊ देऊ नको. अगदी जवळ जाऊन तो बोलला,

"खा की रं माझ्या राजा."

गिधाडानं मान ताठ केली, पंख फुगवले, फिस्स केलं आणि पोटातलं सगळं त्याच्या सदऱ्यावर ओकून उंच दांडीवर जाऊन पाठ फिरवून बसलं.

"भ्यालं की ते!" बाहेरून क्रांती ओरडली. "पास, चाचा, पास! जावा, आंघोळ करा आधी."

"जातो की," ख्वाजा म्हणाला, पण हलला नाही. वासानं डोकं उठत होतं. अल्लाचे, मॅडमचे, त्या पाठमोऱ्या पोराचे आभार सगळे एकदमच घशाशी आले होते. डोळे पुसायला हात वर नेला, तर तोही बरबटलेला. मग त्यानं ते तसेच वाहू दिले.