पट्टीखालचा पिवळा दिवा

घाबरू नका, मीच बोलतोय. स्टिअरिंगच्या आड, वेगाच्या काट्याखाली बसलेला पिवळा दिवा. माझ्या काचेवर इंजिनाचं चित्र आहे, पण कुणाला ते कासव वाटतं, कुणाला पाण्याचा पंप. एका पाहुण्याने तर "ही गाडी उडते की काय?" असंही विचारलं होतं.

माझा जीव करंगळीच्या नखाएवढा. कारखान्यात एका मुलीने मला चिमटीत धरून खोबणीत बसवलं, अर्धा वळसा दिला आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. जाताना मला पेटवून पाहिलं आणि हसली. मला बघून हसलेलं ते पहिलंच माणूस. पुढे ज्याने ज्याने पाहिलं, त्याच्या कपाळाला आठ्याच पडल्या.

माझं काम उफराटं आहे. बाकीचे दिवे उजळले की लोकांना बरं वाटतं, मी मात्र विझलेलाच बरा. किल्ली फिरली की क्षणभर लागायचं आणि इंजिन सुरू झालं की मुकाट्याने विझायचं. इंजिनात किती पेट्रोल फवारायचं हे ठरवणारा एक छोटा संगणक गाडीच्या पोटात आहे. त्याला काही खटकलं की तो मला पेटवतो. काय खटकलं ते त्याला ठाऊक असतं. मला फक्त लागता येतं. तोंड आहे, पण शब्द एकच. त्यापायी आयुष्यभर माझी तगमग झाली.

गाडीचे मालक ड्रायव्हिंग शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निम्म्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं, पण बायकोला शिकवलं ते अगदी उशिरा, स्वतःची मूत्रपिंडं थकली तेव्हा. आता गाडी काकू चालवतात आणि मास्तर शेजारी बसून पायाखालच्या गालिच्यावर ब्रेक दाबतात.

"अहो, तिथे ब्रेक नाहीये."

"असायला हवा होता. गिअर बदल!"

"बदलला."

"मग आवाज का करतेय?"

"गाडी नाही, तुम्ही करताय."

आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दवाखान्यात जायचं. त्यात खंड पडून चालत नाही. आणि नेमका त्याच दिवसांत मी पेटू लागलो. कधी लागायचो, कधी विझायचो. इंजिन तापलेलं असायचं आणि संगणकाला मात्र कळवलं जायचं की ते थंडीने गारठलंय. तो बिचारा भरमसाट पेट्रोल ओतायचा. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास.

गॅरेजवाल्याने इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटलो.

मास्तरांना तेच हवं होतं.

"दिवा लागलाय. आज नको जाऊया."

"दिवा कालही होता."

"म्हणूनच म्हणतोय. रस्त्यात बंद पडली तर?"

त्या दिवशी ते उतरून घरात निघून गेले. पुढच्या वेळीही त्यांची नजर आधी माझ्यावर गेली. काकूंनी हातापाया पडून त्यांना कसंबसं नेलं. संध्याकाळी काकू एकट्याच गाडीत येऊन बसल्या. पर्समधून जखमेवर लावायची पट्टी काढली आणि माझ्यावर चिकटवली. अंगठ्याने दाबून दाबून.

त्या पट्टीखाली मी किती तडफडलो म्हणून सांगू! पुढच्या फेरीला किल्ली फिरली तसा मी जीव तोडून पेटलो. कापडाच्या आत नुसती गरम, पिवळी घुसमट. मास्तरांनी वाकून पाहिलं.

"दिवा कुठे गेला?"

"विझला," काकू म्हणाल्या. मास्तरांचे पाय सुजले होते, दोन वाक्यांत धाप लागत होती. मी ओरडत होतो, पण ओरडणं कुणाला दिसतच नव्हतं.

चौकात, सिग्नलला गाडी थरथरली, खोकली आणि बंद पडली. काकूंनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मास्तरांचे ओठ निळसर दिसायला लागले. काकू दार उघडून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. एका बेकरीची व्हॅन थांबली. चालकाने ट्रे सरकवले, मास्तरांना उचलून आत बसवलं.

"काकू, गाडी?"

"मरू दे गाडी!"

मी पट्टीखाली एकटा जळत राहिलो, गॅरेजवाला येऊन किल्ली काढून गाडी ओढून नेईपर्यंत. ते वाचले की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. दिव्याला कोण सांगतं?

चार दिवसांनी गॅरेजच्या आवारात ओळखीचा आवाज आला. "हळू. दार आपटू नकोस." मास्तर! थकलेले, पण स्वतःच्या पायांवर. ते शेजारच्या सीटवर बसले. काकूंनी नखाने पट्टी उचकटली.

गॅरेजवाला बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "काका, मागच्या वेळी मी घाई केली, नुसत्या धुरावरून सेन्सर बदलला. संगणक बिघाडाचा एक आकडा देतो, त्याला कोड म्हणतात; पण कोडवरूनही फक्त गल्ली कळते, घर नंबर नाही. तापमानाचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं, वाटेतली वायरही असू शकते. आता मी इथे दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडतो, मग दिवा लुकलुकून तो आकडा सांगेल. तुम्ही दिवा बघा आणि मोठ्याने मोजा."

आयुष्यात पहिल्यांदा मला एकाहून जास्त शब्द बोलायची मुभा मिळाली. मी दोनदा लुकलुकलो, थांबलो, पुन्हा दोनदा लुकलुकलो.

"दोन... आणि दोन!" मास्तर ओरडले. "पुन्हा तेच. दोन आणि दोन!"

"तापमानाचाच. इंजिन सुरू करा, तापू द्या. मग वायर हलवून बघतो."

इंजिन तापेपर्यंत दोघं आत बसून राहिले. काकू समोर बघत म्हणाल्या, "दिवा मी झाकला होता. तुम्ही त्याच्या आड लपायचात म्हणून."

मास्तर म्हणाले, "सुईला नाही भीत मी. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपी यायचा. दर वेळी पैजेने क्रिकेटवर भांडायचा. एक दिवस त्या खुर्चीवर नुसती घडी घातलेली चादर होती. कुणी काही बोललं नाही. मीही विचारलं नाही."

"मला सांगायचंत."

"तू गाडी चालवत होतीस ना. लक्ष विचलित झालं असतं."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

"काका, लक्ष ठेवा!" गॅरेजवाल्याने वायर हलवली. मी विझलेलाच. थोडी पुढे हलवली, इंजिन धडपडलं आणि मी लख्ख पेटलो.

"लागला! तिथेच! सोडू नकोस!"

वायर वरून धडधाकट होती. कापली तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटलेली निघाली. त्याने नवा तुकडा जोडला, फ्यूज काढून जुना कोड पुसला आणि दूरवर चक्कर मारून आणली. मी विझलेला राहिलो.

मास्तरांचं दुखणं काही वायर बदलून जाणारं नाही. अजूनही एखाद्या सकाळी ते म्हणतात, "आज गाडीतून कसलासा आवाज येतोय." काकू किल्लीवरचा हात थांबवतात आणि विचारतात, "गाडीतून, की तुमच्यातून?" मग ते सांगतात. कधी दोन वाक्यं, कधी पाच मिनिटं. उशीर होतो, पण दोघं निघतात.

मी मात्र अजून अस्वस्थच असतो. खड्डा आला की वाटतं, आता पुन्हा लागावं लागणार. म्हणून एवढंच मागतो: मी पेटलो तर मला शिव्या घाला, हवं तर घाबराही, पण झाकू नका. मला सगळं सांगता येत नाही. तुम्ही थांबून विचारा.

काकूंनी किल्ली फिरवली. मास्तर माझ्याकडेच बघताहेत. इंजिन लागलं. मला आता विझायला हवं.