नव्या लेकराची खुर्ची

आमच्या मिशन बोर्डिंगच्या जेवणघरात खुर्ची एकच. मोठमोठे लोक येतात, पाहतात अन् म्हणतात, "विमलाबाई, एवढी जुनी शाळा तुमची, चार खुर्च्या घ्या ना." मी म्हणते, बाबा, तुमच्या घरी सोफे असतील, त्यावर बसा. आमच्या इथं हेडमास्तरपासून आचाऱ्यापर्यंत सारे टाटपट्टीवर बसतात अन् त्यानं कोणाचं काही झिजत नाई. मी या बोर्डिंगची मेट्रन होती, उभा जन्म तिथंच गेला. जीभ माझी तिखट आहे, हे हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंत साऱ्यांले माहीत आहे. बोर्डिंगले कोणी वाकडं बोललं का ती अजून तिखट होते.

खुर्चीची गोष्ट अशी. छप्पन्या दुष्काळात, म्हणजे सन एकोणीसशेच्या सुमाराले, हॅरिएट मिसबाईनं दोन खोल्यांत बोर्डिंग चालू केलं. तिच्यापाशी विलायतेहून आणलेली ही एकच खुर्ची. एक दिवस कोणीतरी एक पोरगी फाटकाशी सोडून गेलं. पोरगी इतकी वाळलेली का खाली बसवलं का हाडं जमिनीले टोचायची. समोर ताट, अन् पोरगी बसता येईना म्हणून रडून राह्यली. मिसबाईनं तिले उचललं, खुर्चीवर गोधडी घालून बसवलं, अन् आपण खाली बसली. तेव्हापासूनचा नेम आहे. शाळा उघडते त्या दिवशी सर्वांत नवं लेकरू त्या खुर्चीवर बसते. ते बसल्याशिवाय कोणी बसत नाई. मग प्रार्थना, मग घास. लेकरू कोणत्या जातीचं, कोणत्या देवाचं, हे त्या दिवशी कोणी विचारत नाई. दुसऱ्या दिवशीही विचारत नाई.

त्या खुर्चीवर बसलेली लेकरं आज नर्सा आहेत, पाळक आहेत, एक तर पोलिसात मोठा साहेब आहे. माझी छाती उगाच फुगत नाई.

आता सत्त्याण्णव सालचं सांगते. तेव्हा आमचे हेडमास्तर योगेंद्र सर. तेही याच बोर्डिंगचे, लहानपणी मीच त्यांचं नाक पुसलेलं. सरांच्या जिवाले एकच घोर लागलेला. आमची शाळा दहावीपर्यंत. दहावी झाली का पोरी गाठोडं घेऊन घरी जात, अन् दिवाळीनंतर लग्नाचं बोलावणं येई. हुशार हुशार पोरी, चुलीपुढं जाऊन बसल्या. सरांनी अकरावीच्या वर्गाची परवानगी मागितली होती, अन् सगळ्यांत जास्त मागितली होती ती गुंजनसाठी.

गुंजन अल्लीपूरची. बाप हेमराज, भाजीपाला लावणारा माणूस. पोरगी दहावीत आलेली अन् पहिला नंबर कोणाले देत नव्हती. हेमराजनं स्पष्ट सांगतलं होतं, "सर, इथं अकरावी निघाली तर शिकवतो. दुसऱ्या गावाले मी तिले धाडणार नाई." गुंजनलेही हे ठाऊक होतं. परवानगी आली तर पुस्तक, नाई तर पोळपाट.

शाळा उघडली त्याच दिवशी त्या परवानगीच्या तपासणीचे साहेब जीपमधून उतरले. यायचे होते पुढच्या आठवड्यात. सरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण साहेब माणूस बरा निघाला. खोल्या पाहिल्या, विहीर पाहिली, पोरींच्या वह्या पाहिल्या. सर मले हळूच म्हणाले, "मावशी, साहेबांचं ताट ऑफिसात लावा, तिथं खुर्च्या आहेत." मी ताट घेऊन निघाली, तर साहेब म्हणतात, "छे, मी लेकरांसोबतच जेवतो." आम्ही दोघं असे खूश झालो का बाकीचं सारं विसरलो.

साहेब पुढं, आम्ही मागं. जेवणघरात खुर्ची धुऊनपुसून ठेवलेली, पाठीले मोगऱ्याचा गजरा, समोर छोटा चौरंग मांडून त्यावर ताट. आता तुम्हीच सांगा, कोणाही साहेबाले काय वाटणार? साहेब हसले, गजऱ्याकडं पाहून म्हणाले, "याची काय गरज होती?" अन् बसले.

नवी पोरगी अंजू, सहा वर्षांची, सकाळीच आई सोडून गेलेली. माह्या लुगड्याचा पदर धरून दारात उभी. अन् दोन्हीकडल्या पंगतीत सारी लेकरं उभी. साहेबांले वाटलं, आपल्या मानासाठी उभी आहेत. म्हणाले, "वा, शिस्त चांगली आहे. बसा, बसा."

कोणी बसलं नाई.

साहेबांनी पुन्हा हात केला. "अरे बसा. भात निवून राह्यला." एकही लेकरू हाललं नाई. मी सरांकडं पाह्यलं. सरांचं तोंड पाहवत नव्हतं. एकीकडं साऱ्या पोरींची अकरावी, दुसरीकडं मिसबाईची खुर्ची. शेवटी त्यांनी हळू आवाजात म्हणलं, "बसा, लेकरांनो." हेडमास्तरचा शब्द तो. माह्या आठवणीत लेकरांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला नाई.

गुंजनच्या हातात वरणाचा ओगराळा होता. वाढायचं काम मोठ्या पोरींचं. तिनं ओगराळा बादलीत ठेवला, हात ओढणीले पुसले अन् साहेबांपुढं येऊन उभी राह्यली.

"साहेब," ती म्हणाली, "ही खुर्ची अंजूची आहे. ती आज नवी आली. ती बसली नाई तर आम्हाले बसता येत नाई."

आवाज चढवला नाई, मान खाली घातली नाई. साहेबांचं तोंड लाल झालं. ते उठले, इकडंतिकडं पाहिलं, दुसरी खुर्ची दिसली नाई. "मग मी कुठं बसू?"

"आमच्या सरांजवळ," गुंजन म्हणाली.

तेव्हा सर पुढं आले अन् टाटपट्टीवर मांडी घालून बसले. बाजूची जागा हातानं झाडली. साहेबांनी त्या जागेकडं पाहिलं. मग घड्याळ पाहिलं, दुसऱ्या गावाले जायचं आहे म्हणाले, अन् गेले. जीप गेल्यावर मी अंजूले उचलून खुर्चीवर बसवलं. तिचे पाय लोंबत होते. सरांनी प्रार्थना सुरू केली अन् लेकरांनी ती पुरी केली. भात गार झालता. मी आजवर इतक्या चवीनं गार भात खाल्ला नाई.

परवानगी आली नाई. खोल्या कमी आहेत, असं कारण कळलं. खोल्या खरंच कमी होत्या, मी कोणावर आळ घेत नाई. पण मास्तर लोकांत कुजबुज सुरू झाली, पोरीनं जरा जीभ आवरली असती तर. मी एकदाच स्टाफरूममध्ये जाऊन म्हणलं, ज्याले गुंजनची जीभ लांब वाटते त्यानं पहिले माह्या जिभेशी बोलावं. कुजबुज बंद झाली.

गुंजननं दहावी काढली, शाळेत पहिली. अन् गाठोडं बांधून घरी गेली. जाताना रडली नाई. मीच रडली, मोरीत जाऊन.

जूनच्या शेवटी सर म्हणाले, "मावशी, अल्लीपूरले जाऊन येऊ. हेमराजपुढं हात जोडतो." आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो. हेमराजच्या घरापुढं टेम्पो उभा होता, हेमराज त्यात वांग्याचे अन् मिर्चीचे पोते चढवून राह्यला होता. सरांनी खरंच हात जोडले. म्हणाले, "हेमराजभाऊ, वर्ग आम्हाले आणता आला नाई. चूक आमची आहे. पोरीले घरी बसवू नका."

हेमराजनं पोतं खाली ठेवलं. "सर, तुम्ही काऊन हात जोडता? मले पोरीनं सारं सांगतलं." मग गमछानं तोंड पुसून म्हणाला, "तिले बोर्डिंगात पहिल्या दिवशी सोडलं तवा मी घरी गेलो नोतो. जेवनघराच्या खिडकीमांगं उभा होतो. म्हनलं पाहू, माह्या पोरीले कुठं बसवतात. तर पोरगी खुर्चीवर, अन् तवाचे मोठे सर खाली, तिच्या पायाशी. आमच्या सात पिढ्यांत साहेबासमोर खुर्चीवर कोनी बसलं नाई, सर. मी तर अजूनही उभाच राहतो. अन् तिनं साहेबाले उठवलं, ते का सोतासाठी? दुसऱ्याच्या लेकरासाठी."

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"मी रोज भाजी घेऊन वर्ध्याले जातोच," हेमराज म्हणाला. "काल तिथल्या कॉलेजात तिचं नाव टाकलं. मी आधी नाई म्हनत होतो, ती माही चूक."

तेवढ्यात गुंजन घरातून निघाली, वेणी घट्ट, हातात वह्या. आम्हाले पाहून थबकली, मग दोघांच्या पायाले हात लावला. टेम्पोत ड्रायव्हरच्या बाजूले एकच जागा होती. हेमराजची ती रोजची जागा. गुंजन सवयीनं मागं पोत्यांकडं चालली, तर हेमराजनं तिले दंडाले धरून पुढं आणलं, गमछानं सीट झाडली अन् तिले वर बसवलं. मग आपण मागं गेला, मिर्चीच्या पोत्यावर चढून बसला, अन् ड्रायव्हरले म्हणाला, "चल."