पाठीराख्यांचं पान

अंजनीबाईंनी मिरचीचे हात पदराला पुसले आणि लॅपटॉपच्या काचेवर सरळ बोट टेकवलं.

"हे. हे नाव काढून टाक."

वैभवीने आधी काचेवर उमटलेल्या लाल ठशाकडे पाहिलं, मग त्याखालच्या ओळीकडे. बेबी मसाला केंद्र, बरगी रोड, जबलपूर.

"काहून पण, आजी?"

"तीच म्हणे. काल गोरखपूर बाजारात भाजीवाल्यापाशी भेटली होती. म्हणे, बाई, आता काही जमत नाही, नातीले सांगा, माझं नाव काढून टाक म्हणून."

हे वाक्य अंजनीबाईंनी सकाळपासून मिरच्यांची देठं खुडता खुडता तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. तोंडातून ते इतकं सहज बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. काल त्या गोरखपुरात गेल्या होत्या, हे खरं. भाजीवाल्यापाशी थांबल्या होत्या, हेही खरं. बेबी मात्र त्यांना दिवाळीपासून दिसलेलीच नव्हती.

पान होतं 'बोलपान'चं. फोनवर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. मराठी वाचायचा, हिंदी वाचायचा. ज्यांना दिसत नाही अशांसाठी तो होता. एका कोणत्या कंपनीचा नव्हता. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून, पगाराविना तो बनवत होती, आणि आत काय आहे ते ज्याला हवं त्याला उघडून पाहता येत होतं. "लग्नाच्या वयाची पोरगी अन् फुकटच्या कामाले रोज बैठका," असं अंजनीबाई आधी म्हणत. वैभवी नोकरीचं काम आटोपलं की या कामाला बसायची, आणि त्यातलं एक काम तिच्याकडेच सोपवलेलं होतं: पाठीराख्यांचं पान. जे पैशाचा हातभार लावतात त्यांची नावं, दुकानाचं चिन्ह, गाव, कधीपासून सोबत आहेत, हे सगळं नीट ठेवायचं. नवं कोणी आलं तर जोडायचं, कोणी थांबलं तर उतरवायचं.

मागच्या वर्षी त्या पानावर 'भोयर मसाले' आलं, लाल मिरचीच्या चित्रासकट, आणि अंजनीबाईंची भाषा बदलली. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमचं नाव जगभर दिसते. अमेरिकेत बसला असन कोणी, त्याले बी दिसते."

हेच त्यांनी राइट टाउन मोहल्ल्यात ओळखीच्या शर्मिलाच्या घरच्या हळदीकुंकवाला सांगितलं. आठ-दहा बायका होत्या. शर्मिला हुशार, तिने लगेच फोन काढला, पान उघडलं आणि दोन बोटांनी मोठं केलं.

"अय्या, ही बेबी म्हणजे तुमच्याकडे मिरच्या कांडायची तीच ना? तुमच्या वर कशी हो ही? अन् थोडीथोडकी नाही, पार तिसऱ्या नंबरावर!"

कोणी मोठ्याने हसलं नाही. प्रत्येकीने आपापल्या वाटीतला तिळगूळ निरखून पाहिला. अंजनीबाईंना ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

बेबी बारा वर्षं त्यांच्याकडे होती. आली तेव्हा अंगठा करायची. कोणता मसाला किती भाजायचा, धणे कधी उतरवायचे, हे सगळं या घराच्या मागच्या पडवीत शिकली, आणि एक दिवस नवऱ्याची तब्येत पुढे करून गेली ती स्वतःचं दुकान टाकून बसली. तेव्हापासून अंजनीबाई तिचं नाव घेत नसत. 'ती' म्हणत.

"आजी," वैभवी म्हणाली, "असं तोंडी नाही चालत. त्यांचा स्वतःचा मेल लागतो."

"मेल! तिले मेल करता येते काय? अंगठा होती ती."

"पण रूल आहे ना. अनुपम विचारेल मला. पुण्याला बसतो तो, सगळं चेक करतो."

"त्याले सांग, माझ्या आजीसमोर बोलली म्हणून. का मले खोटी समजून राहिली तू?"

वैभवीने मान हलवली. नाही, खोटी नाही. आजी तिखट होती, हट्टी होती, दुकानावर आलेल्या इन्स्पेक्टरला पायरीवरून परत पाठवणारी होती; पण खोटं? तिने काहीतरी टाईप केलं. थोड्या वेळाने अनुपमचं उत्तर आलं. ते तिने हसून वाचून दाखवलं. "'तुझी आजी म्हणते म्हणजे झालंच.' पाहा, तुमचं किती वजन आहे."

संध्याकाळपर्यंत नाव गेलं. अंजनीबाईंनी पुन्हा काही पान पाहायला मागितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या हातचे धणे करपले. कामाला असलेल्या बाईला त्यांनी आच मोठी ठेवली म्हणून झापलं. आच त्यांनीच मोठी केली होती.

*

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला, बेबी आली. हातात मटारच्या शेंगांची भरली पिशवी. आल्या आल्या तिने ती अंजनीबाईंच्या पुढ्यात ठेवली, पाया पडली आणि खुर्ची रिकामी असताना खाली, दाराजवळ भिंतीला टेकून बसली. जुनी सवय.

"बरगीकडचा आहे. गोड आहे यंदा."

"काहून आणला एवढा?" अंजनीबाई म्हणाल्या. पण हाताला काहीतरी हवंच होतं. त्यांनी परात ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

आतून वैभवी आली. "अरे, बेबीमावशी! किती दिवसांनी!"

"तुझ्याकडेच आली, बेटा. एक विचारायचं होतं." बेबीने पदर सावरला. "आमचं काही चुकलं का गं?"

"कशाचं?"

"ते पान आहे ना तुमचं, नावाचं. यांचा नेम आहे. पुंडलिकरावांचा." नवऱ्याचं नाव घेतल्यावर ती किंचित लाजली. "डोळे गेले तेव्हापासून सारा दिवस फोन कानाशी. त्यांना अंधांच्या शाळेत शिकवलं ना, बोलपान कसं लावायचं ते. तेव्हापासून म्हणतात, बेबे, याले आपण थोडं थोडं देत जाऊ, याने मले पेपर दिला. तर दर एक तारखेला ते पान लावतात. सारी नावं ऐकतात. आपलं आलं की 'हां' म्हणतात अन् बंद करतात. मग चहा."

वैभवी हसली.

"काल शेवटपर्यंत वाचलं फोननं. आलं नाही. म्हणे, मी मधात डुलकी घेतली असन, पुन्हा लाव. तीनदा लावलं. चहा तसाच राहिला." बेबी अंजनीबाईंकडे वळली. "तुमचं आलं, बाई. तुमचं किती छान घेते ते. 'भोयर मसाले, जबलपूर.' हे म्हणे, पाहा, बाईंचं बी आहे."

अंजनीबाई सोलत होत्या. एक दाणा निसटला, फरशीवरून घरंगळत बेबीच्या पायापाशी गेला. बेबीने तो उचलला, फुंकरला आणि परातीत टाकला.

"आमच्याकडून तर दर महिन्याला जाऊन राहिलं," ती म्हणाली. "बंद नाही केलं. मग वाटलं, कोणाले काही वाकडं बोललो का आपण? का दुकान लहान आहे, म्हणून काढलं?"

"नाही हो मावशी, असं नसतं." वैभवी गोंधळली होती. "पण तुम्हीच तर आजीला सांगितलं होतं ना? गोरखपुरात भेटलात तेव्हा? नाव काढायला?"

पडवीत कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

बेबीने अंजनीबाईंकडे पाहिलं. बारा वर्षं तिने या बाईच्या तोंडाकडे पाहून काम केलं होतं. मसाला जमला की नाही हे तिला वासाआधी त्या तोंडावरून कळायचं. अंजनीबाईंनी मान वर केली नाही. पण आपल्याकडे पाहिलं जातंय हे त्यांना मानेच्या कातडीला कळलं. आता ती बोलेल. 'मी? मी कुठं भेटली?' एवढंच म्हणेल आणि या पोरीसमोर आपलं सगळं उघडं पडेल. त्यांनी उत्तरही तयार ठेवलं: 'विसरली असशील, तुझी आधीपासूनच अशी सवय.'

"हां," बेबी म्हणाली. "बोलली असन मी. आजकाल ध्यानात नाही राहत, बेटा."

अंजनीबाईंच्या हातातली शेंग फुटली नाही. त्यांनी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबली, तरी फुटली नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कानशिलं अशी तापली की जणू समोर भट्टी पेटलीय. ही ओरडली असती, तर आपणही ओरडलो असतो. ओरडणं आपल्याला येतं. हे मात्र येत नाही.

"अच्छा, तो ठीक है," वैभवीच्या आवाजातला ताण गेला. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. "लगेच परत लावते. फक्त मावशी, एक आहे. हे नंबर किती दिवस सलग सोबत आहात त्यावर असतात. तुम्ही स्वतःहून काढायला सांगितलं, असं मी तेव्हा लिहिलंय. म्हणजे खंड पडला. आता नवीन धरणार, सगळ्यात खाली. सात वर्षं होती तुमची... पण रूल माझ्या हातात नाही."

"खाली तर खाली!" बेबी हसली. "यांना जरा जास्त वेळ ऐकावं लागन, एवढंच. घरी काय काम आहे त्यांना? नाव आलं पायजे, बस."

"होतं तिथंच लाव," अंजनीबाई म्हणाल्या.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आजी, तसं नाही होत ना. चूक आमच्याकडून झाली असेल, तरच जुनी जागा देता येते. आणि काय चूक झाली ते लिहावं लागतं, नावानिशी. ते कायम राहतं. कोणीही वाचू शकतं."

"कोणी बी?"

"कोणी पण. अमेरिकेत बसलेला पण." वैभवी सहज बोलून गेली.

अंजनीबाईंच्या डोळ्यांपुढे अमेरिका आली नाही. शर्मिलाच्या घरची बैठक आली, तिळगुळाच्या वाट्या आणि दोन बोटांनी मोठं होत जाणारं पान.

बेबी उठलीच. "राहू द्या ना, बाई. जागेचं काय घेऊन बसलात? चलते मी, दुकान उघडंच टाकून आली." जाता जाता तिने डोळ्यांनी हलकीशी खूण केली, जशी पूर्वी दुकानात आलेल्या एखाद्या मोठ्या साहेबासमोर अंजनीबाईंच्या हातून मसाला सांडला तर करायची. असू द्या. मी पाहते.

ती खूण अंजनीबाईंना सोसली नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "बस म्हटलं ना. खाली नाही, खुर्चीवर बस."

बेबी बसली, खुर्चीच्या काठावर.

"लिही गं," अंजनीबाई नातीला म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, हिशेबनीसाला झापतानाचा. फक्त त्या परातीकडे पाहून बोलत होत्या. "बेबीनं काही सांगितलं नव्हतं. ती मले भेटली बी नव्हती. अंजनी अंबादास भोयर खोटं बोलली. आडनावासकट लिही. उगाच दुसऱ्या कोण्या अंजनीवर नको याले."

वैभवीने लॅपटॉपच्या कडेवर नख घासलं. मग खाली मान घालून भराभर टाईप केलं.

"झालं."

"इतक्यात? इकडे कर ते."

"आजी, झालं म्हटलं ना."

"इकडे कर."

अंजनीबाईंनी ब्लाउजमधून चष्मा काढला. दुसरी पास झाल्या होत्या त्या, आणि तिसरीत दोन महिने बसल्या होत्या. दुकानाच्या पाट्या वाचायला तेवढं पुरायचं. त्यांनी बोट काचेपासून वीतभर दूर धरलं आणि अक्षरामागून अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचू लागल्या. बेबी खिडकीबाहेर पाहत होती.

चुकीच्या माहितीमुळे नाव काढले गेले. पूर्वीच्या जागी परत घेतले आहे.

त्यांनी ते संपेपर्यंत वाचलं. मग पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, कुठे काही राहिलं का ते पाहायला.

"यात मी कुठं आहे?"

"असंच लिहितात, आजी." वैभवीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सब लोग ऐसे ही लिखते हैं. जागा परत मिळते यानं. पुरे आहे."

"हो बाई, पुरे आहे," बेबी म्हणाली.

अंजनीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. लॅपटॉप नातीकडे सरकवला.

"ते खोडून टाक," त्या म्हणाल्या. "मी हळू हळू सांगते. तू लिही."

आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं, आणि ते लिहून होईपर्यंत थांबल्या.