किल्ली कुणापाशी

मावशीने तिसरं कडवं गाळलं, तेव्हा पत्रकाराला आधी वाटलं, वय झालंय, विसरली असेल. पंच्याहत्तरीची बाई. कवळी काढून वाटीत ठेवलेली, कारण "ती घातली की सूर फुटतो आणि काढली की शब्द. शब्द काय, सगळ्यांना पाठच आहेत." पण आवाज अजून खणखणीत होता. पत्रकार एका साप्ताहिकात संगीताचं पान सांभाळायची, आणि गेले चार महिने लोकगीतं गाणाऱ्यांच्या आणि रचणाऱ्यांच्या मुलाखती घेत हिंडत होती. सात छापून झाल्या होत्या, आठवी मावशीची.

"मावशी, एक कडवं राहिलं," ती म्हणाली. "किल्लीचं."

"राहिलं नाही. मी ते म्हणत नाही."

गाणं दोरखंडाच्या कारखान्यातल्या आगीचं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या कारखान्याच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि अकरा माणसं त्या दाराशीच गेली. एकोणीस वर्षांच्या एका पोराने त्यावर गाणं रचलं. तो पोरगा आता सगळ्यांचा 'दादा' झाला होता आणि ते गाणं मोर्च्यांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे पोचलं होतं. तिसऱ्या कडव्यात गाणारा विचारतो, 'कुलपाची किल्ली कुणापाशी?' आणि ऐकणारे एका सुरात सांगतात, 'मुकादमापाशी.' पत्रकारानेही लहानपणी घसा फोडून ते उत्तर दिलं होतं.

"मी तिथे दोर वळायचे," मावशी म्हणाली. "पुढच्या दाराने निघाले म्हणून आज तुझ्याशी बोलतेय. मुकादम आमच्याबरोबर आतच होता. भुवया जळाल्या त्याच्या. मागच्या दारावर खांदा मारमारून हाड निखळलं. किल्ली असती तर आतून खांदा मारत बसला असता, की पुढून बाहेर धावत जाऊन कुलूप काढलं असतं?"

"मग कुणापाशी होती?"

"ज्याने रचलंय त्याला विचार. मी नुसती गाते."

"इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले. लोक म्हणाले, मुकादमाने हिचं तोंड गोड केलं असणार. मग मी तोंड मिटलं. कडव्यापुरतं."

शेवटची, नववी मुलाखत दादांचीच होती. रविवारी त्यांचा मोठा सत्कार होता, मोठ्या सभागृहात, आणि शनिवारच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा फोटो जाणार होता. गुरुवारी सकाळी पत्रकार त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, लहानसा दिवाणखाना, भिंतीला टेकवून ठेवलेली मानपत्रं. टांगायला जागा उरली नव्हती. दादांच्या कार्यक्रमांचं सगळं त्यांची मुलगी बघायची. ती डायरी घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती.

पहिला अर्धा तास छान गेला. दादा गोष्टीवेल्हाळ माणूस. मग पत्रकाराने विचारलं, "किल्ली मुकादमाकडे होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

दादांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सगळा गाव सांगत होता," मुलगी म्हणाली. "पुढचा प्रश्न."

"मी दादांना विचारतेय, ताई."

"आणि मी पुढचा प्रश्न विचारा म्हणतेय. नाहीतर इथेच थांबू."

दादा खिडकीकडे बघत होते. तसंच बघत ते म्हणाले, "ते यंत्र बंद करा."

पत्रकाराचं बोट रेकॉर्डरवर गेलं आणि तिथेच थबकलं. बंद केलं तर हातात काही राहणार नव्हतं. चालू ठेवलं तर कानावर काही पडणार नव्हतं. तिने बंद केलं.

"माझा बाप तिथे पहारेकरी होता."

"हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

"तू ऐक. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा लोकांसमोर गाणार होतो. बाप म्हणाला होता, पाळी आहे, जमणार नाही. मी स्टेजवर गेलो तर तिसऱ्या रांगेत बसलेला. गणवेशातच. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. लोक मागच्या दाराने लवकर सटकायचे, म्हणून बाहेरून कुलूप घालून आला होता. अर्ध्या तासात परत जाणार होता. माझं गाणं झालं. लोकांनी आणखी एक मागितलं." त्यांनी हाताचा तळवा गुडघ्यावर दोनदा घासला. "मी आणखी एक म्हटलं."

मुलीच्या मांडीवरची डायरी खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"नियमाने किल्ली मुकादमाची. रोज संध्याकाळी तो ती बापाकडे द्यायचा. आग लागली तेव्हा लोकांनी मुकादमाचंच नाव घेतलं, आणि बाप गप्प बसला. मी आधी खरंच लिहिलं होतं. 'माझ्या बापापाशी.' चालीत दोन्ही बसतं. बापाने कागद वाचला. बोलला काहीच नाही, जेवण सोडलं. आठव्या दिवशी मी ती ओळ खोडली."

"मुकादमाचं काय झालं?"

"घरावर दगड आले. गाव सोडून गेला. पुढे मी विचारलं नाही."

मुलगी उठून उभी राहिली. आवाज खाली होता, पण शब्द न् शब्द चावून येत होता. "यातलं एक अक्षर छापलंत तर कोर्टात खेचेन. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"काही नाही," पत्रकार म्हणाली.

"रविवारपर्यंत थांबा," दादा म्हणाले. "मी स्वतः गातो. तिथेच, सगळ्यांसमोर."

"आणि नाही गायलात तर? नंतर तुम्ही म्हणाल, मी असं बोललोच नव्हतो."



ती कार्यालयात परतली तेव्हा संपादक मुखपृष्ठाचा नमुना समोर धरून बसले होते. तिने सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले, आणि त्यांची शांतताच वाईट असायची.

"म्हणजे हातात बातमी आहे, आणि तू ती त्या माणसाच्या शब्दावर सोडून आलीस."

"गोडगोड मुलाखत मी लिहू शकत नाही, सर. आणि खरी लिहायला पुरावा नाही."

"मग मुखपृष्ठावर काय टाकू, तुझी सचोटी?" त्यांनी नमुना दुमडून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. "रविवारी काही झालं नाही, तर सोमवारी आपण तुझ्या खुर्चीबद्दल बोलू."

शनिवारी तिने दादांना फोन लावला, तो मुलीने उचलला आणि न बोलता ठेवून दिला.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. पत्रकार भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिथून ध्वनियंत्रणेचं टेबल दिसत होतं, आणि टेबलाशी, ध्वनितंत्रज्ञाच्या अगदी खांद्याला खांदा लावून, दादांची मुलगी उभी होती. माईक बंद करायला एक बटण पुरतं.

दादांनी चार गाणी म्हटली आणि मग ते गाणं धरलं. पहिल्या सुरालाच लोकांनी टाळ्यांचा ठेका सुरू केला. एक कडवं झालं, दुसरं झालं.

"कुलपाची किल्ली कुणापाशी?"

"मुकादमापाशी," हजार गळे म्हणाले.

दादा थांबले. पत्रकाराने डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्यांनी पुन्हा विचारलं, "किल्ली कुणापाशी?" लोकांना गंमत वाटली, ते आणखी जोरात ओरडले. दादांचे ओठ हलले, काहीतरी गायले, पण ते कुणाला कळलंच नाही. सगळं सभागृह त्यांच्या वरचढ गात होतं. त्यांनीच दिलेले शब्द, पंचेचाळीस वर्षं पाठ झालेले, आता मागे घ्यायला कुणी देत नव्हतं.

मुलगी तंत्रज्ञाच्या कानाशी वाकली. पत्रकार गर्दीतून टेबलाकडे निघाली, पण पाच पावलंही जाता आलं नाही. मुलीने स्वतःच हात पुढे करून टेबलावरची आवाजाची पट्टी सरकवली.

वर सरकवली.

"किल्ली कुणापाशी?" दादांचा आवाज छताला जाऊन आदळला. आणि कुणी तोंड उघडायच्या आत पुढची ओळ आली. "माझ्या बापापाशी गं, माझ्या बापापाशी."

ठेका तुटला. मागच्या रांगांत काही टाळ्या चालूच होत्या, त्याही एकेक करून थांबल्या. दादांनी ते कडवं तीनदा म्हटलं. मग गाणं सोडून, साध्या शब्दांत, ती संध्याकाळ सांगितली. अकराही जणांची नावं घेतली आणि बाराव्या जागी मुकादमाचं नाव घेतलं. कुणीतरी ओरडलं, "मग इतकी वर्षं झोपला होतात?" ते म्हणाले, "नाही. झोप येत नव्हती." लोक उठून जाऊ लागले. मानपत्र द्यायचं राहूनच गेलं.

मुलगी टेबलाशी तशीच उभी होती. पत्रकार जवळ गेली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाली, "आता छापा. आणि त्यांच्यावर दया केल्यासारखं लिहू नका."

पुढच्या शनिवारी ते छापून आलं. संपादकांनी एक शब्द कापला नाही; कौतुकही केलं नाही. मावशीने दिलेला पत्ता घेऊन पत्रकार बसने पाच तास प्रवास करून मुकादमाच्या मुलाकडे पोचली. त्याचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. साठीला टेकलेला माणूस, बोलणं तोलूनमापून. मुकादम तीस वर्षांपूर्वीच गेला होता.

"माझ्या पोरीच्या शाळेत हे गाणं बसवलं होतं," तो म्हणाला. "तिला ताप आहे सांगून घरी ठेवली. दर वर्षी त्याच सुमारास तिला ताप यायचा."

तिने दिलेला अंक त्याने उघडला नाही. "त्यांनी नुसतं बोलून सांगितलं, की गाण्यात?"

"गाण्यात."

तिने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. मुकादमापाशी, मुकादमापाशी, असा गलका दुकानात घुमला, तसा त्याचा जबडा आवळला. पण त्याने हात वर केला नाही, बंद करा म्हटलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"हे मला पाठवा," तो म्हणाला. "आई आहे घरी. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला ऐकू कमी येतं, आवाज बराच मोठा करावा लागेल." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल. आम्ही कोण ते इथे कुणाला ठाऊक नाही."

पत्रकाराचं बोट पाठवायच्या बटणावर अडलं.

"जाऊ दे ऐकू," तो म्हणाला, आणि दुकानाचं शटर ओढायला उठला.